तीन गोळ्यांनी काय होतंय?

अझिथ्रोमायसिनच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद ऐकायला अगदी रास्त वाटतो. औषध जुनं आहे, जगभर वापरलं जातं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे. दिवसातून तीनदा, सात दिवस अशी कटकट त्यात नाही. रोज एक गोळी, तीन दिवस, संपलं. पेनिसिलिनसारखी रिॲक्शनची धास्ती नाही, आणि इतर अँटिबायोटिक्ससारखं ते ‘उष्ण’ही पडत नाही म्हणतात. पाकीट शंभर रुपयांच्या आत येतं. मग घसा धरला, कणकण आली, खोकला आठवडाभर हटेना, तर तीन गोळ्या घेतल्याने असं काय बिघडलं? लागू पडल्या तर उत्तम, नाही पडल्या तर नुकसान तरी नाही. हे बोलणं फक्त मेडिकलच्या काउंटरवर चालतं असं समजू नये. शिकल्यासवरल्या घरांत ते चालतं, व्हॉट्सॲपवर चालतं, आणि दवाखान्यात टेबलाच्या दोन्ही बाजूंनी चालतं. त्यातलं एकेक विधान सुटं घेतलं तर बरंचसं खरंही आहे. पण ‘नुकसान तरी नाही’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. आणि तो खोटा ठरवायला औषधकंपन्यांच्या कारस्थानाची किंवा डॉक्टरांच्या लोभाची गोष्ट रचावी लागत नाही. औषधाचा स्वभाव नीट पाहिला तरी पुरतं.

१९५२ साली एरिथ्रोमायसिन जगापुढे आलं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून ते मिळालं होतं. औषध कामाचं होतं, पण जठरातल्या आम्लात टिकत नसे, पोटात कळा आणत असे आणि दिवसातून तीन-चारदा घ्यावं लागे. १९८० च्या सुमारास झाग्रेबमधल्या प्लिव्हा कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या चमूने त्याच्या रेणूतल्या चौदा अणूंच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू घुसवला. कडं पंधरा अणूंचं झालं आणि औषधाचं वागणंच पालटलं. ते आम्लात टिकू लागलं, आणि रक्तात फार न रेंगाळता ऊतींमध्ये, विशेषतः पांढऱ्या पेशींच्या आत, जाऊन साठू लागलं. तिथून ते अतिशय सावकाश बाहेर पडतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ६८ तास लागतात. म्हणजे जवळजवळ तीन दिवसांनी निम्मं, सहा दिवसांनी पाव. हिशेब केला तर शेवटची गोळी गिळल्यावरही जवळपास दोन आठवडे ते शरीरात असतं. तीन दिवस हा फक्त गिळण्याचा काळ आहे. ज्या गुणामुळे हा कोर्स इतका आटोपशीर वाटतो, त्याच गुणामुळे औषधाचा मुक्काम लांबतो, आणि पुढचा सगळा वाद या मुक्कामाचा आहे.

जीवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारं रायबोसोम नावाचं यंत्र असतं. नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर सरकतं त्याच्या तोंडाशी अझिथ्रोमायसिन जाऊन बसतं आणि वाट अडवतं. औषध भरपूर असेल तेव्हा हे काम चोख होतं. पण मात्रा उतरत गेली की शरीरात असे बरेच दिवस येतात जेव्हा औषध असतं, पण पुरेसं नसतं. त्या दिवसांत दुबळे जीवाणू मरतात, थोडेफार प्रतिकारक्षम असलेले तगतात आणि मोकळी झालेली जागा त्यांना मिळते. हा नुसता तर्क नाही. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक म्हणावा असा आहे. त्यांनी २२४ निरोगी स्वयंसेवक घेतले. काहींना अझिथ्रोमायसिन दिलं, काहींना त्याचं भावंड क्लॅरिथ्रोमायसिन आणि उरलेल्यांना औषधाविना गोळी. मग त्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंपैकी प्रतिकारक्षम किती, हे मोजत राहिले. दोन्ही औषधांनी ते प्रमाण काही दिवसांतच सुमारे ५० टक्क्यांच्या अंकांनी वर नेलं, आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्वपदावर आलेलं नव्हतं. या प्रयोगाचं मोल असं, की त्यातलं कुणीही आजारी नव्हतं. ‘गरज नसताना घेतलं तर काय होतं?’ हाच प्रश्न त्यात नेमका विचारला गेला होता. आणि घशातले हे जीवाणू आपल्यापुरते राहत नाहीत. ते घरात, शाळेत, लोकलच्या डब्यात शिंकेबरोबर फिरतात आणि प्रतिकाराची जनुकं न्यूमोनियाच्या जीवाणूलाही उसनी देतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अनुभवाचा असतो: काही म्हणा, पण गोळीने बरं वाटतं. बरं वाटतं यात शंका नाही. वाद श्रेयाचा आहे. विषाणूजन्य ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत उतरतो. लोक दुसऱ्या दिवशी मेडिकल गाठतात आणि तीन दिवसांचा कोर्स चौथ्या दिवशी संपतो. पावसाळ्यातला डेंग्यूचा तापही बहुधा याच सुमारास खाली येतो. या हिशेबात गोळीच्या जागी खडीसाखर असती तरी तिला तेवढंच यश आलं असतं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या शिकागोतल्या एका चाचणीत जवळपास हेच करून पाहिलं होतं. तीव्र ब्राँकायटिसच्या म्हणजे छातीत उतरलेल्या खोकल्याच्या २२० प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांना अझिथ्रोमायसिन दिलं आणि निम्म्यांना थोड्या मात्रेत क जीवनसत्त्व. आठवडाभरानंतर आपल्या नेहमीच्या कामाला लागलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ८९ टक्के होतं. घशाचंही तेच. घसादुखीची बहुसंख्य दुखणी विषाणूंची असतात. ज्या थोड्या दुखण्यांना ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस जबाबदार असतो आणि ज्यांतून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात, त्यांच्यासाठी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन हे पहिलं औषध आहे. इतक्या दशकांच्या वापरानंतरही या जीवाणूला पेनिसिलिनचा प्रतिकार साधलेला नाही. अझिथ्रोमायसिनचा मात्र तो सर्रास करतो. पेनिसिलिन देशातच तयार व्हावं म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला होता; त्या कारखान्याच्या राज्यात आज साध्या घशासाठीही हात अझिथ्रोमायसिनकडे जातो, याला प्रगती म्हणणं मला जड जातं.

आक्षेपक जरा जाणकार असेल तर म्हणेल, की हे औषध नुसतं जीवाणूंना मारत नाही, सूजही उतरवतं. हे बरोबर आहे. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात रोज २५० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन वर्षभर दिलं तर आजार उफाळण्याचे प्रसंग कमी होतात, असं १,१४२ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत २०११ साली दिसलं. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी २५ टक्क्यांची श्रवणक्षमता घटल्याचं नोंदलं गेलं. न घेणाऱ्यांत ते प्रमाण २० टक्के होतं. श्वास हिरावणाऱ्या आजारात छातीचा तज्ज्ञ हृदयाचा आलेख आणि ऐकण्याची तपासणी करून असा सौदा करू शकतो. आठवड्याच्या खोकल्यासाठी तोच सौदा कशाच्या बळावर करायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. कोविडच्या काळात तर सूज उतरवण्याच्या या गुणावर संबंध जगाने पैज लावली. मार्च २०२० मध्ये मार्सेयच्या दिदिए राउल्त यांच्या गटाने मूठभर रुग्णांच्या निरीक्षणावरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिनच्या जोडीचा गाजावाजा केला. पुढे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत ७,७६३ रुग्णांची तुलना झाली. अझिथ्रोमायसिन मिळालेले २२ टक्के दगावले, न मिळालेलेही २२ टक्केच. राउल्त यांचा मूळ निबंध डिसेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. पण तोवर औषध पोटात गेलेलं होतं: जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ३.८ कोटी जादा मात्रा खपल्या असाव्यात, असा अंदाज विक्रीच्या आकड्यांवरून एका अभ्यासाने काढला आहे. निबंध मागे घेता येतो. लोकसंख्येच्या घशात निवडले गेलेले जीवाणू मागे घेता येत नाहीत.

आता ज्याने गोळी घेतली त्याच्या स्वतःच्या नुकसानीचं पाहू. मळमळ, जुलाब, पोटदुखी हे नेहमीचे त्रास सगळ्यांना ठाऊक असतात आणि ते सोसवतात. क्वचित यकृताला सूज येऊन कावीळ होते. मायस्थेनिया या स्नायूंच्या आजारात अशक्तपणा बळावतो. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळांना दिलं तर जठराचं तोंड आवळलं जाण्याचा धोका वाढतो. पण खरा वाद हृदयावरून झाला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेडिकेड योजनेच्या नोंदी तपासून २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला: अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत अझिथ्रोमायसिनच्या पाच दिवसांच्या दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराचे ४७ मृत्यू जास्त, आणि आधीच हृदयविकाराचा सर्वाधिक धोका असलेल्या दहाव्या हिश्श्यात २४५ जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने इशारा दिला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या तरुण आणि मध्यमवयीन लोकांच्या नोंदींत मात्र असा धोका दिसला नाही. अझिथ्रोमायसिनचे समर्थक या डॅनिश अभ्यासाचा आधार घेतात, आणि तो घेण्याचा त्यांना हक्क आहे. टेनेसीचा आकडा घेऊन त्याला भारतातल्या विक्रीने गुणायचं आणि मृतांचा भयंकर आकडा छापायचा, हा मोह विरोधकांना होतो. तो अप्रामाणिक आहे. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की निघतं ते इतकंच: धडधाकट तिशीतल्या माणसाला या औषधाने हृदयाचा धोका जवळपास नाही, आणि तो धोका एका ओळखता येणाऱ्या गटात एकवटलेला आहे. साठी ओलांडलेले, हृदयविकाराचे, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी झालेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असलेले. मेडिकलच्या काउंटरवर यातलं काहीही विचारलं जात नाही.

त्यातून आपल्याकडची चिठ्ठी एका औषधाची नसते. अझिथ्रोमायसिन ५००, पॅरासिटामॉल, लिव्होसेटिरिझिन, ‘ॲसिडिटी नको व्हायला’ म्हणून पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल, आणि मळमळलं तर ऑनडॅनसेट्रॉन. हृदयाच्या आलेखात क्यूटी नावाचं एक अंतर असतं. ते लांबलं की ठोक्यांची घातक गडबड होऊ शकते. अझिथ्रोमायसिन ते लांबवू शकतं. डॉम्पेरिडोनही लांबवू शकतं, म्हणूनच युरोपच्या औषध संस्थेने २०१४ साली त्याच्या वापरावर मर्यादा आणल्या. ऑनडॅनसेट्रॉनचंही तेच आहे. पॅन्टोप्राझोलच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम उतरू शकतं. एकेका औषधाचा धोका लहान आहे हे मान्य करूनही, ज्या दुखण्याला यातल्या पहिल्या औषधाची गरज नव्हती त्यासाठी हे सगळे धोके एकाच पुडीत बांधणं समर्थनीय कसं ठरतं? अँटिबायोटिकने पोट बिघडतं म्हणून दुसरं औषध, आणि मुळात अँटिबायोटिकच अनावश्यक. पुडी अशीच वाढत जाते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा लेख अझिथ्रोमायसिनच्या विरोधात आहे. खरं तर तो त्याच्या बाजूने आहे. पेशींच्या आत जाऊन साठण्याचा जो गुण साध्या घशाच्या बाबतीत उपद्रवी ठरतो, तोच टायफॉइडमध्ये अनमोल आहे, कारण टायफॉइडचा जीवाणू पांढऱ्या पेशींच्या आतच लपतो. स्क्रब टायफसचा जीवाणूही पेशीतच वाढतो. विदर्भात पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या या आजाराच्या गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून दिली तर एकेकट्या औषधापेक्षा जास्त फायदा होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतात झालेल्या चाचणीने २०२३ साली दाखवलं. डोळ्यांच्या खुपऱ्या एकाच मात्रेत आवरतात. टायफॉइडचा इतिहास या बाबतीत धडे देणारा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि टायफॉइड बरा होऊ लागला. १९७२ साली केरळात कालिकतला त्याला न जुमानणारा टायफॉइड पसरला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोलही त्याच वाटेने गेली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, आणि आज भारतात टायफॉइडवर ते जवळपास निकामी आहे. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादपासून २०१६ साली जी साथ सुरू झाली तिथे सेफ्ट्रिॲक्सोनही हरलं. तोंडाने घेण्याजोगं भरवशाचं औषध उरलं ते अझिथ्रोमायसिन. बांगलादेशात टायफॉइडच्या जीवाणूत त्यालाही दाद न देणारा बदल २०१९ साली नोंदला गेला आहे.

याच टायफॉइडचं नाव पुढे करून अझिथ्रोमायसिनचा सगळ्यात सैल वापर होतो, ही त्यातली विचित्र गोष्ट. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की विडाल चाचणी होते, आकडा थोडा वर येतो, ‘टायफॉइड निघाला’ असं घरी सांगितलं जातं. विडाल रक्तातली प्रतिपिंडं मोजते. ती जुन्या संसर्गामुळे असू शकतात, लशीमुळे असू शकतात, दुसऱ्याच जीवाणूमुळेही असू शकतात. एकुलत्या एका विडालवरून टायफॉइड ठरवणं हे जवळपास नाणं उडवण्यासारखं आहे. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर; तेही दहांतल्या साधारण सहा जणांतच जीवाणू पकडतं, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर त्याहून कमी. म्हणजे पहिल्या दिवशी सहज घेतलेल्या तीन गोळ्या पाचव्या दिवशीचं निदान पुसून टाकतात. मग डॉक्टर अंदाजाने सेफिक्सिम आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही देतात, कधी एकाच गोळीत जोडलेली. जागतिक आरोग्य संघटना अशा जोडगोळ्यांची शिफारस करत नाही. आणि खऱ्या टायफॉइडमध्ये अझिथ्रोमायसिन चालू केल्यावरही ताप उतरायला बहुतेकदा चार-पाच दिवस लागतात, हे न सांगितल्यामुळे दुसऱ्याच दिवशी औषध बदललं जातं.

सगळ्यात वजनदार आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो आणि त्याला उडवून लावणं चूक ठरेल. पाड्यावरून तालुक्याच्या गावी जायला दिवस मोडतो, मजुरी बुडते, प्रयोगशाळा नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा. अशा माणसाला तीन गोळ्यांची सोय नाकारायची आणि शहरातल्याने कल्चर करायचं, हा कुठला न्याय? अँटिबायोटिक न मिळाल्याने मरणारी माणसं जगात आजही आहेत, आणि नायजर, मलावी, टांझानिया या देशांत पाच वर्षांखालच्या मुलांना वर्षातून दोनदा अझिथ्रोमायसिन दिल्यावर बालमृत्यू १३.५ टक्क्यांनी घटले, हे २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. पण त्याच मोहिमेत नायजरमधल्या मुलांच्या आतड्यांत प्रतिकाराची जनुकं वाढल्याचं नंतर दिसलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली अशा सामूहिक वाटपाला मुभा दिली ती कडक अट घालून: जिथे हजार जिवंत जन्मांमागे साठाहून अधिक अर्भकं दगावतात तिथेच. भारताचा हा दर तिसाच्या खाली आला आहे. तेव्हा आफ्रिकेतल्या त्या चाचणीचा दाखला ठाण्या-पुण्याच्या घसादुखीला लावता येत नाही. आणि गरिबांना हवं ते लवकर मिळणारं, स्वस्त, योग्य औषध. ते बहुतेक साध्या जीवाणूसंसर्गांत अमॉक्सिसिलिन असतं, अझिथ्रोमायसिन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन सहज उपलब्ध असावं अशा गटात आहे, अझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या ‘वॉच’ गटात. २०१९ च्या भारतातल्या खासगी विक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासात पहिल्या गटाचा वाटा २७ टक्के निघाला आणि ‘वॉच’ गटाचा जवळपास ५५ टक्के. सगळ्यात जास्त खपलेलं एकटं उत्पादन होतं अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, ७.६ टक्के. हा खप पाड्यावरचा नाही. पाड्यावर औषधच पोचत नाही. दुरुपयोग तिथे होतो जिथे दर चौकात मेडिकल आहे.

डॉक्टरांचे आक्षेप वेगळे असतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर काय करायचं, हा एक. ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहांतल्या नऊ जणांना ती नसते, हे पाश्चात्त्य अभ्यासांत वारंवार दिसलं आहे; आणि जो खरोखर ॲलर्जिक आहे त्याला अझिथ्रोमायसिन द्यायला कुणाची हरकत नाही. विषाणूच्या तापावर पुढे जीवाणूचा संसर्ग चढू नये म्हणून आधीच संरक्षण, हा दुसरा. धडधाकट माणसात अशा संरक्षणाचा फायदा सिद्ध झालेला नाही. रुग्णच मागतो, नाही दिलं तर शेजारच्या दवाखान्यात जातो, हा तिसरा, आणि तो खरा आहे. पण हे वैद्यकीय कारण नाही, धंद्याचं आहे, आणि तसं म्हणून मांडलं तर त्यावर बोलता येईल. कोंबड्यांना आणि जनावरांना दिल्या जाणाऱ्या याच कुळातल्या औषधांकडे बोट दाखवणारेही भेटतात. ते बोट योग्य ठिकाणीच आहे; पण पोल्ट्रीतल्या चुकीने घशातल्या चुकीची वजाबाकी होत नाही. ‘कोर्स पूर्ण केला नाही म्हणून प्रतिकार वाढतो’ या सर्वमान्य समजुतीबद्दलही एक शब्द. गरज नसलेला कोर्स पूर्ण केल्याने काहीच साधत नाही, आणि अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत तर शेवटची गोळी खाऊनही उतरत्या मात्रेचे ते दिवस टळत नाहीत. दोष रुग्णाच्या आळसावर ढकलणारी ही समजूत लिहिणाऱ्याला आणि विकणाऱ्याला फार सोयीची आहे.

एवढं सगळं उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, जीवाणू बदलून गेले, आता वापर कमी करून काय होणार, असा एक थकलेला आक्षेप उरतो. त्याला फिनलंडचं उत्तर आहे. तिथे घशातल्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा प्रतिकार वाढल्यावर डॉक्टरांना या कुळातली औषधं कमी वापरायला सांगितलं गेलं. वापर निम्म्याच्या आसपास उतरला, आणि प्रतिकारक्षम जीवाणूंचं प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. उलट टोक चीनमध्ये दिसलं. २०२३ च्या हिवाळ्यात तिथे मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियाने मुलांची रुग्णालयं भरली. हा जीवाणू अझिथ्रोमायसिनला मोठ्या प्रमाणावर दाद देत नव्हता, त्यामुळे लहान मुलांना एरवी टाळली जाणारी औषधं डॉक्टरांना हाती घ्यावी लागली.

मग कायदा कडक करा, असं सहज सुचतं. केंद्र सरकारने २०१३ साली ‘एच-१’ ही अनुसूची काढली. त्यातली औषधं विकताना दुकानदाराने लिहून देणाऱ्याचं, रुग्णाचं, औषधाचं नाव आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायची असते. त्या यादीत सेफिक्सिम होतं, लिव्होफ्लॉक्सासिन होतं. सगळ्यात जास्त खपणारं अझिथ्रोमायसिन नव्हतं. ही चूक होती. पण यादीत नाव घातल्याने प्रश्न मिटला असता असंही नाही: यादीत असलेलं सेफिक्सिम २०१९ च्या खपात दुसऱ्या क्रमांकावर होतं. दुकानदाराची वही विक्री नोंदवते, कारण नोंदवत नाही, आणि अझिथ्रोमायसिनचा बराचसा अनावश्यक खप रीतसर चिठ्ठीवरच होतो. म्हणून केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना जे आवाहन केलं, ते मला जास्त कामाचं वाटतं: अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे चिठ्ठीवर लिहा. आज ते नुसतं आवाहन आहे. खासगी दवाखान्यांसकट सगळ्यांना ते बंधनकारक केलं, तर ‘विषाणूजन्य घसादुखी’ असं निदान लिहून त्याखाली आपल्याच अक्षरात अझिथ्रोमायसिन ५०० लिहिणं आणि त्यावर सही करणं बहुतेक डॉक्टरांना अवघड जाईल. आणि ज्याला अवघड जाणार नाही, त्याची चिठ्ठी वाचून त्याला जाब विचारता येईल.